विचारा ना भाऊ : गेमच्या डब्ब्यातला वायरांचा खोपा

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेलो की घरी बनवलेल्या आर्केड डब्ब्याबद्दल (जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानात असायचा तसा) कोणाला काही अडत असेल तर पत्र टाका, आणि पत्रं आली ना बाप्पा भरभरून. मला वाटलं होतं लोक बटणं कुठं मिळतात ते विचारतील. तसं कोणीच विचारलं नाही, डबा झाला, रंग झाला, पोट्टे खेळायला लागले, आणि आता मागचं दार उघडायची हिंमत होत नाही, हेच सगळ्यांचं गाऱ्हाणं. चार पत्रं घेतो. पहिल्याला जागा जास्त देतो कारण त्यात बाकी निम्म्या लोकांचं उत्तर येऊन जातं.

*

प्रश्न : नमस्कार भाऊ. घरातला जुना दिवाण मोडला, त्याच्या प्लायचा गेमचा डबा बनवला, दोघं खेळतील असा. आत रास्पबेरी पाय म्हणजे तो छोटा कॉम्प्युटर, जुना एलसीडी मॉनिटर, एका एकाले जॉयस्टिक अन् ६ बटणं, वरून स्टार्ट अन् कॉइनचं बटण. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सुरू केला, गल्लीतले पोट्टे तुटून पडले. आता असं होते का कधी एखादं बटण चालत नाही, कधी दुसऱ्या खेळाडूचं अर्धं पॅनलच मेल्यासारखं होते. झाकण उघडून वायरा जरा हालवल्या का चालू. झाकण लावलं का दोन दिवसानं पुन्हा तेच. आत नुसता सुगरणीचा खोपा झाला आहे. सगळं तोडून नव्यानं करू का?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : तोडू नका भाऊ. हालवलं की चालू होतं हे तुम्हीच लिहिलं, म्हणजे बटणं चांगली, बटणांच्या वायरा घेऊन रास्पबेरी पायला यूएसबीनं कळवतो तो एन्कोडर बोर्ड चांगला, फक्त जोडावर ओढ येऊन राहिली आहे.

आधी ते अर्धं पॅनल का मरतं ते पाहू. प्रत्येक बटणाला दोन वायरा लागतात, एक त्याची स्वतःची आणि एक कॉमन म्हणजे ग्राउंड. ही कॉमन बहुतेक जण माळेसारखी ओवतात, पहिल्या बटणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असं शेवटपर्यंत. बरोबरच आहे ते, नाहीतर वायरा दुप्पट होतात. पण माळेत मधली एक क्लिप ढिली झाली की तिच्या पुढची सगळी बटणं जातात, मागची मात्र चालू. म्हणून एवढं ध्यानात ठेवा की एकटं बटण गेलं तर त्याची स्वतःची वायर पाहायची, आणि ओळीनं गेली तर जिथून ओळ सुरू झाली तिथली कॉमन. मल्टिमीटर बीपवर लावा (वायर सलग असली की वाजतो), सप्लाय बंद, एक टोक बोर्डाच्या ग्राउंडला आणि दुसरं एका एका बटणाच्या कॉमनला लावत चला, बीप जिथं थांबेल त्याच्या अलीकडच्या तुकड्यात दोष. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि सापडला की नुसती क्लिप दाबून सोडू नका, माळेचं शेवटचं टोकही आणून परत त्याच ग्राउंडला जोडून टाका. माळेचा गोल झाला. आता मधे कुठं एका जागी तुटलं तरी दुसऱ्या बाजूनं ग्राउंड येत राहतो आणि एकही बटण मरत नाही. वीतभर, फार तर हातभर जास्तीची वायर लागते, मी तर म्हणतो जिनं डबा नव्यानं करायला घेतला तिनं किंवा त्यानं हे पहिल्याच दिवशी करावं.

आता क्लिप ढिली का होते. बटणाच्या खाली जो मायक्रोस्विच असतो त्याच्या पात्या बहुतेक ४.८ मिमीच्या असतात, काही बटणांना २.८ मिमीच्या. आपण तालुक्याला ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन क्लिपा मागतो आणि तो देतो ६.३ मिमीच्या, कारण मोटारसायकलला आणि ट्रॅक्टरला त्याच लागतात. घरी येऊन पाहतो तर सैल, मग पकडीनं दाबून बसवतो. दिसायला बसली, पण पोट्ट्यानं त्वेषानं बटण हाणलं की दर ठोक्याला ती थोडी थोडी सरकते. तुमच्या डब्ब्यात हेच झालं असणार असं मला ९० टक्के वाटतं. दुकानात जाताना एक मायक्रोस्विच काढून खिशात न्या, तिथंच लावून पाहा, आणि क्लिप दाबून झाली की वायर धरून बेतानं एक हिसका द्या. निघाली तर ती तशीही निघणारच होती. दुसरं म्हणजे क्लिपेत घालायच्या आधी वायरीच्या टोकाला सोल्डर पाजू नका, लोकांना वाटतं त्यानं मजबूत होते, पण सोल्डर नरम धातू आहे, दाबाखाली हळूहळू बसत जातो आणि पकड ढिली होते.

वायर कोणती टाकली तेही लिहिलं नाही तुम्ही. टेलिफोनची किंवा इंटरनेटच्या केबलमधली एकच जाड तार असलेली वायर काढून टाकली असेल तर ती बदला, फुकट मिळते म्हणून सगळे तीच टाकतात, आणि ती दहा-वीस वेळा वाकली की प्लास्टिकच्या आतल्या आत तुटते, बाहेरून काहीच दिसत नाही. आत बारीक बारीक तारांचा झुपका असलेली वायर घ्या. जाड नको, बटणातून मुंगीएवढा करंट जातो, २२ किंवा २४ गेज भरपूर झाली.

आता तुमच्या झाकणाकडं, म्हणजे बटणं बसवलेल्या पॅनलकडं येतो, खरी गोम तिथं आहे. मोजून पाहा : दोन जॉयस्टिकचे चार-चार म्हणजे ८ स्विच, ६-६ बटणं म्हणजे १२, दोन स्टार्ट, दोन कॉइन, झाले २४. म्हणजे २४ वायरा आणि वरून ग्राउंड, एवढा जुडगा झाकणावरून निघून खाली डब्ब्याच्या तळाशी बोर्डापर्यंत जातो ना? झाकण जितक्या वेळा उघडलं तितक्या वेळा ह्या पंचवीसही वायरा ओढल्या गेल्या, वाकल्या, एखादी बिजागरीपाशी प्लायमध्ये चेमटली. माझ्याकडे एक डबा आला होता, त्यातल्या एका वायरीवर लाकडाच्या काठाचा ठसा असा उठला होता की जसं कोणी दातानं चावलं, आणि बरोबर तिथंच आतली तार तुटलेली.

ह्यावर सोपा इलाज म्हणजे यूएसबी एन्कोडरचे दोन्ही बोर्ड तळातून उचला आणि झाकणाच्याच आतल्या अंगाला स्क्रूनं बसवा, खाली प्लास्टिकचा छोटा छल्ला घालून, म्हणजे बोर्डाचे टाके लाकडाला टेकणार नाहीत. झालं. बटणांच्या सगळ्या वायरा झाकणावरच सुरू होतात आणि झाकणावरच संपतात. खाली जातात फक्त दोन यूएसबी केबल, आणि त्या वाकण्यासाठीच बनलेल्या असतात. जुन्या काळी व्हिडिओ गेमच्या दुकानात जे मोठे डबे असायचे ना, त्यात हाच विचार वेगळ्या तऱ्हेनं होता, १९८५ मध्ये जपानात जामा नावाचं स्टँडर्ड आलं, ५६ पिनांची एकच कंगव्यासारखी पट्टी, डब्ब्यातल्या सगळ्या वायरा त्या पट्टीत येऊन संपायच्या, मालकाला गेम बदलायचा तर जुना बोर्ड ओढायचा आणि नवा खोचायचा, एका वायरीला हात लावायचं काम नाही.

ह्या दोन केबल बिजागरीच्या बाजूनंच खाली उतरवा, उघडणाऱ्या बाजूनं नाही. आणि त्यातही बिजागरीच्या दांड्याला समांतर असा एक चार-पाच बोटांचा तुकडा जाऊ द्या. अशी बसवली की झाकण उघडताना केबल मोडत नाही, फक्त पिळली जाते, आणि पीळ केबलला फार सोसतो. झोल किती ठेवायचा? झाकण पूर्ण उघडून पाहा, त्यावर चार बोटं जास्त. पण झोलाच्या दोन्ही टोकांना केबल लाकडाला धरलेली पाहिजे, एक पकड झाकणावर, एक डब्ब्याच्या भिंतीवर. म्हणजे ओढ आली तर ती लाकडावर येईल, बोर्डाच्या सॉकेटवर नाही. हेच बटणांच्या वायरांना, क्लिपेपासून दोन-तीन बोटांवर पहिली पकड द्या.

पकड कशाची द्यायची ह्यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. भाच्यासाठी डबा केला तेव्हा मी ते मागं गोंद असलेले चौकोनी चिकटपट्टे वापरले, ज्यात केबल टाय ओवतात. दिवाळीत लावले, काय सुंदर दिसत होतं, फोटो काढले, लोकांना पाठवले. एप्रिल लागला. टिनाच्या खोलीत डबा, बाहेर ४५ अंश, आणि एका दुपारी आतून टप् टप् आवाज, जसं कोणी बोरं टाकून राहिलं आहे. दार उघडलं तर सगळे चिकटपट्टे गोंद सोडून खाली, वायरा लोंबकळत आणि मॉनिटरचा अ‍ॅडॉप्टर आपल्या वायरीवर फाशी गेल्यासारखा. तेव्हापासून लाकडात जे काय धरायचं ते स्क्रूनं. वायरमन लोकांचे खिळ्याचे सॅडल बारीक वायरीला चालतात पण ठोकताना हातोडी वायरीवर बसते, म्हणून स्क्रूवाले टायचे बेस मिळाले तर ते घ्या. काळ्या इन्सुलेशन टेपचंही तेच, उन्हाळ्यात तिची काकवी होते, जोड झाकायला श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, वापरा.

जुडगा बांधायला माझी एक आवड सांगतो, चालली तर घ्या. चपला शिवणाऱ्याकडून मेणाचा दोरा आणा, दर दोन बोटांवर एक आढी. पूर्वी टेलिफोन एक्सचेंजमध्ये वायरांचे जुडगे मेणदोऱ्यानंच बांधायचे. केबल टायचं कापलेलं टोक हाताला ओरखडे काढतं आणि आवळून बांधला तर वायरीत रुततो, दोऱ्याचं तसं नाही. वेळ लागतो मात्र, ज्याला घाई आहे त्यानं टाय लावावे, फक्त करकचून नको, बोटानं जुडगा सरकला पाहिजे एवढाच.

आता २३० व्होल्ट. तुमच्या पत्रात ह्याचा शब्दही नाही म्हणून मला भीती वाटली. मॉनिटरचा, रास्पबेरी पायचा, स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा सप्लाय कुठून घेतला? वायरी छिलून, पिळून, टेप मारून तिघांना वाटून दिला असेल तर तो भाग आजच काढा. चांगल्यातला एक्स्टेंशन बोर्ड घ्या, तो डब्ब्याच्या तळाला किंवा डाव्या भिंतीला स्क्रूनं आवळा, सगळे अ‍ॅडॉप्टर त्यात खोचा आणि वरून पट्ट्यानं बांधा, डबा हलवताना निसटतात. म्हणजे डब्ब्यात उघडा २३० चा जोड एकही राहत नाही. त्याची एकच वायर मागून बाहेर जाईल, तिला भोकात रबरी बुश आणि आतून पक्का क्लॅम्प, कारण ह्याच वायरीत पोट्टे पाय अडकवतात. मेन म्हणजे २३० ची वायर डाव्या भिंतीनं, बाकी सगळं उजव्या भिंतीनं. कुठं एकमेकांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा, समांतर लांबवर नेऊ नका, नाहीतर स्पीकरमधून सारखं घूं येत राहील.

रंगाचा एक घोळ ह्या कामात हमखास होतो. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये लाल म्हणजे ५ व्होल्ट, पिवळी म्हणजे १२ आणि काळी ग्राउंड. आपल्या घराच्या वायरिंगमध्ये लाल आणि पिवळी दोन्ही फेज असू शकतात, काळी न्यूट्रल. एकाच डब्ब्यात दोन्ही भाषा चालू असल्या तर उद्या रिपेअरला बसलेल्या माणसानं लाल वायर पाहून काय समजावं? म्हणून मेन फक्त गोल, वरून जाड आवरण असलेल्या तीन कोअरच्या केबलमधूनच फिरवा, सुटी वायर बिलकुल नको. लाल दिसली की ती ५ व्होल्टचीच असं तुमच्या डब्ब्यात तरी पक्कं होऊन जाईल.

कामाला हात लावायच्या आधी मोबाईलनं आतले फोटो काढा आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदाच्या टेपवर आकडा लिहून चिकटवा. पहिल्या खेळाडूची १ ते १२, दुसऱ्याची १३ ते २४. एका रविवारी झाकण होऊन जाईल, दुसऱ्या रविवारी तळ.

*

प्रश्न : भाऊ, आमच्या डब्ब्याचं पॅनल मी भावाच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून पत्र्याचं करून घेतलं. दिसते लय भारी, पण हात लावला का झिणझिण येते, चप्पल घातली का कमी. सासरे म्हणतात थोडा करंट असला तर काही होत नाही. खरं आहे का?
— एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : ताई, सासऱ्यांचा मान ठेवून सांगतो, आज डबा बंद करा, प्लग काढून ठेवा, मग पुढचं वाचा.

झिणझिण दोन कारणांनी येते. एक असं की एसएमपीएसमध्ये, म्हणजे २३० चे कमी व्होल्ट करून देणाऱ्या सप्लायमध्ये, आवाज-खरखर गाळायला बारीक कपॅसिटर असतात, फेजकडून आणि न्यूट्रलकडून अर्थकडे जोडलेले. त्यांच्यातून जो नखभर करंट झिरपतो तो अर्थच्या पिनेतून जमिनीत जायला पाहिजे. आपल्याकडे खेड्यात बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकात मागून बहुतेक काहीच जोडलेलं नसतं, शोभेचं भोक. मग तो करंट पत्र्यावर बसून राहतो, मीटर लावाल तर २३० च्या अर्धा, ११०-११५ व्होल्टच्या आसपास दाखवेल. ह्यानं माणूस सहसा मरत नाही, दचकतो. दुसरं कारण असं की एखाद्या फेजच्या वायरीचं आवरण पत्र्याच्या धारेवर घासून सोललं आणि तांबं पत्र्याला टेकलं. ह्यानं मरतो. आणि ताई, दोन्हीत टेस्टर सारखाच पेटतो, कोरड्या पायांना दोन्ही सारखंच झिणझिण वाटू शकतं. ओल्या पायानं, पावसाळ्यात कळतं दुसरं होतं म्हणून.

म्हणून प्लग काढलेला असताना, डब्ब्याचं बटण चालूवर ठेवून, मीटरच्या बीपवर प्लगच्या दोन्ही बारीक पिना एक एक करून पत्र्याशी तपासा. बीप वाजला तर वायर सोललेली आहे, ती बदला आणि पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी बुश घाला, फॅब्रिकेशनवाल्यांच्या भोकाला ब्लेडसारखी कड राहते, ती कानशीनं मारून घ्यायला भावाला सांगा. बीप नाही वाजला तरी दुरुस्ती बाकीच आहे. पत्र्याचा रंग एका जागी खरवडून, दातेरी वॉशर घालून हिरवी वायर आवळा आणि ती तीन पिनी प्लगच्या अर्थला न्या.

पण ती हिरवी वायर पुढं जमिनीपर्यंत गेली तर ना! वायरमनकडून घराची अर्थिंग तपासून घ्या. आणि तो जर म्हणाला की खड्डा कायले खणता, सॉकेटच्या मागं न्यूट्रलमधून अर्थच्या भोकात एक तुकडा टाकून देतो, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. बाहेर कुठं न्यूट्रल तुटली तर त्या तुकड्यातून पूर्ण २३० तुमच्या पत्र्यावर येतील आणि पोरगं खेळत असेल. खड्डा करून घ्याच. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगा देते, मातीनं रॉड सोडला की अर्थिंग नावालाच राहते, म्हणून मार्च ते जून खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत राहायचं. मेन स्विचजवळ ३० मिलिअ‍ॅम्पचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा स्विच, बसवता आला तर फारच चांगलं, गेमसाठी म्हणून नाही, कूलरसाठी. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरच्या टिनाला चिकटून माणसं जातात, ते तुम्हाला मी काय सांगू.

*

प्रश्न : घरी आजोबांचा जुना डब्बा टीव्ही आहे, चालू. जुन्या गेमची मजा त्याच काचेवर येते असं ऐकलं. बॉडी काढून नुसती पिक्चर ट्यूब अन् सर्किट डब्ब्यात बसवू का? वायरा मी नीट बांधतो.
— एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : मजा येते हे खरं आहे. पण बॉडी काढू नका. रंगीत ट्यूबच्या त्या रबरी टोपीखाली २० हजाराच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काचेत चार्ज साठून राहतो. तिथं वायरी किती सुबक बांधल्या ह्याला काही अर्थ नाही. टीव्ही प्लास्टिकच्या बॉडीसकट अख्खा आत सरकवा, खाली लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजूंनी आडव्या पट्ट्या म्हणजे पुढं-मागं हलणार नाही, मागं वीतभर जागा हवेला. वजन खूप असतं, डबा पुढं कलंडू नये म्हणून मागची बाजू भिंतीला आवळा. रास्पबेरी पायमधून एव्हीची पिवळी-लाल-पांढरी वायर काढून टीव्हीला द्या, रास्पबेरी पाय २ ते ४ मध्ये इअरफोनच्या भोकातूनच ती निघते, फक्त चार पट्ट्यांची बरोबर जोडणीची केबल घ्या, कॅमकॉर्डरवाली घेतली तर चित्राच्या जागी आवाज येतो.

*

प्रश्न : वायरा तुम्ही सांगता तशाच बांधल्या होत्या, पण उंदरानं महिनाभरात कुरतडल्या. औषध टाकू का डब्ब्यात?
— एक वाचक, मूल तालुका

उत्तर : डब्ब्यात औषध नका टाकू, उंदीर आतच कुठं तरी मरतो आणि मग तो वास काढायला सगळं खोलावं लागतं. मी भोगलं आहे, गेमच्या डब्ब्यात नाही, रेडिओत.

धान घरात आलं की उंदीर येणारच, त्याला गेमशी काही देणंघेणं नाही, त्याला उबदार अंधारी जागा पाहिजे आणि दात घासायला काहीतरी. बारीक उंदीर करंगळी जाईल एवढ्या भोकातून आरामात येतो. म्हणून वायरीच्या भोकात वायर गेल्यावर जी फट उरते ती भांडे घासायच्या तारेच्या घासणीनं ठासून भरा, रबरी बुशच्या बाहेरून, आणि घासणीचा एकही तुकडा आत बोर्डावर पडणार नाही हे पाहून. नुसता फोम किंवा एमसील लावलं तर ते तो पोखरतो. हवेसाठी ज्या झडपा ठेवल्या त्यांना आतून लोखंडाची बारीक जाळी, मच्छरदाणीची नायलॉनची नाही. झडपा पूर्ण बंद मात्र करू नका, आत तापलं तर ८० अंशाच्या पुढं रास्पबेरी पाय स्वतःच हळू चालायला लागतो आणि पोट्टे म्हणतात गेम अटकतो.

तळावरून जाणारी मेनची केबल कडक पीव्हीसी पाइपातून न्या, केसिंग पट्टी असेल तर ती जमिनीपासून वर, मधल्या उंचीवर लावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेकडेनं तळातूनच फिरतो. कुरतडलेल्या वायरांना टेप मारून वापरू नका, मेनची असेल तर अख्खी बदला. आणि पोट्टे खेळता खेळता मुरमुरे-फुटाणे त्या बटणांवर सांडतात ना, ते बटणांच्या फटीतून आत पडतात. तुमचं झाकण उघडून पाहा एकदा, मला तर पक्कं वाटते की खाली मूठभर निघतील.